अब्बांच्या खुर्चीखालची जमीन

आजकाल कुणी हरिपूरला येऊन "पेवं बघायचीत" म्हणालं, की मला हसूही येतं आणि रागही. आता काय दाखवू, कपाळ? बरीचशी पेवं महापुरानं गिळली, उरलेल्यांवर स्लॅब पडले. आमच्या लहानपणी मात्र सगळं गाव आतून पोकळ होतं. वर घरं, रस्ते, शेळ्या आणि खाली पंचवीस-तीस फूट खोल खड्ड्यांत हळद. पेवाचं तोंड अरुंद, पोट मोठं, भिंतींना शेणामातीचा लेप आणि आत उसाचं पाचट. हळद भरली की तोंड मातीनं बंद करायचं. मग ती वर्षानुवर्षं आत सुखानं राहायची, ना कीड ना बुरशी.

आणखी एक रीत होती. भरल्या पेवाच्या तोंडावर मालक स्वतःची बाज टाकायचा आणि दुपारी जेवण झालं की तिथंच आडवा व्हायचा. राखण म्हणा, मिजास म्हणा. कुणाची बाज कुठे पडली त्यावरून कुणाचा माल कुठे आहे ते गावाला कळायचं. ही रीत आमच्या इतकी अंगात मुरली होती, की १९९८च्या उन्हाळ्यात तिनंच आम्हा सगळ्यांना फसवलं.

माझे अब्बा शमशेर. हळदीचे व्यापारी, फार मोठे नव्हेत, पण शब्दाचे पक्के आणि बोलायला एक नंबर. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचा आवाज शेवटच्या दुकानापर्यंत जायचा. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. इतक्या बडबड्या माणसाच्या तोंडातून एक घोगरा हुंकार तेवढा निघायचा. मला ते सहन व्हायचं नाही. मी त्यांना जेवण भरवायची आणि मोरीत जाऊन रडायची.

दिवाळी उलटल्यावर त्यांनी एक नवंच सुरू केलं. सकाळी उठले की डाव्या हातानं लोखंडी खुर्ची ओढत घरामागच्या मोकळ्या आवारात न्यायचे आणि रोज त्याच जागी टाकून बसायचे. ऊन असो, वारा असो. शेजारची पोरं आवारात खेळायला आली, की काठी आपटून घोगरं ओरडायचे. पोरांनी त्यांचं नाव 'खुळा चाचा' ठेवलं. एकाला मी धरून चांगला चोप दिला, पण त्यानं नाव काही पुसलं गेलं नाही.

नेमक्या त्याच आवारात माझ्या भावाला, अमीरला, दोन खोल्या बांधायच्या होत्या. उन्हाळ्यात त्याचा निकाह ठरला होता. अमीर मनानं वाईट नाही, पण घाईचा. गवंडी आला, जमिनीवर फक्कीनं पायाच्या रेघा मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी मजूर कुदळी घेऊन आले तर अब्बा खुर्चीवरून काठी उगारून ओरडायला लागले. मजूर हसत परत गेले. असं दोनदा, तीनदा झालं. अमीर रेघांच्या मधोमध उभा राहून अब्बांवर खेकसायचा आणि अब्बा त्याच्याकडे बघून आणखीच चवताळायचे.

गावानं लगेच निकाल लावला. चाचानं पेवात माल दडवलाय. कुणी म्हणालं जुनी हळद, कुणी म्हणालं सोनं. न्हाई तर माणूस एकाच जागी खुर्ची टाकून का बसंल? बाजेची जागा खुर्चीनं घेतली, एवढाच काय तो फरक. आम्हालाही ते पटलं, लपवू कशाला. अब्बांना मिरजेला डॉक्टरकडे नेलं होतं, तेव्हा अमीरनं मागे राहून खुर्चीखालची जमीन कंबरभर खणून काढली. खाली घट्ट मळकी माती. पेव नाही, माल नाही, काहीही नाही. त्यानं खड्डा बुजवला आणि रात्रीच्या जेवणाला अम्मीसमोर स्पष्ट सांगितलं, "अब्बांचं डोकं गेलंय. निकाह होईस्तवर त्यांना फलटणला फूफीकडं ठेवू."

फूफी म्हणजे अब्बांची बहीण. मोठं घर, माणसं चांगली. पण बोलता न येणाऱ्या माणसाला 'डोकं गेलं' असा शिक्का मारून घराबाहेर काढलं, की तो परत येतो तेव्हा पाहुणाच असतो. हे मला दिसत होतं, आणि अम्मीलाही. अम्मी नुसती भाकरी थापत राहिली. जीप सोमवारी सकाळी यायची ठरली.

आणि शनिवारी मिलिंद आला.

मिलिंद पलूसचा. विश्रामबागच्या कॉलेजात आम्ही बी.एस्सी.ला एका बाकावर प्रयोग केले. आमच्यात काही होतं का, असं विचारायचं असेल तर विचारू नका. लंबकाच्या प्रयोगात मी आंदोलनं मोजायची आणि तो घड्याळ बघायचा, एवढं होतं. एस.टी. चुकली की तो आमच्याकडे जेवायचा, आणि अब्बांनी त्याला हळदीच्या गोष्टी सांगून सांगून पार पिवळा केला होता. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि तो पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेला.

तो आला तो जीपमधून, मांडीवर बादलीएवढं एक यंत्र घेऊन. पोटुशी बाई जपून उतरावी तसा उतरला. दुसऱ्या हातात भामाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, दिलेली द्राक्षांची करंडी.

"हे काय रं?" अम्मीनं विचारलं.

"गुरुत्वाकर्षण मोजायचं यंत्र हाय चाची. साताऱ्याहून येतोय. तितं डोंगराच्या पायथ्याला मोजलं, वर जाऊन मोजलं, आता सांगलीत मोजायचं."

"म्हंजी वस्तू खाली पडती का न्हाई ते बघायला सरकार तुला पगार देतं?"

"व्हय," मिलिंद म्हणाला. "अजून तरी पडतायत."

अब्बांच्या तोंडून त्या दिवशी हुंकारापेक्षा वेगळा आवाज आला. ते हसले होते. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना बघितलं, आणि माझे डोळे भरून आले.

चहा घेताना मिलिंदनं मला त्याचं खरं काम सांगितलं. हे स्प्रिंगचं यंत्र तर नुसतं सोबती. त्यांच्या प्रयोगशाळेत अणूंनी गुरुत्व मोजायचं यंत्र बनत होतं. निर्वात नळीत रुबिडियमचे मूठभर अणू, त्यांच्यावर सहा बाजूंनी लेसरचा प्रकाश. प्रकाशाच्या ढकलाढकलीत अणू हळू हळू होत जवळजवळ थबकतात. थबकले म्हणजेच थंड झाले. इतके थंड की त्यापुढे हिमालय म्हणजे तवा. मग प्रकाश बंद करायचा आणि त्यांना पडू द्यायचं. पडता पडता लेसरचे ठोके देऊन प्रत्येक अणूला एकाच वेळी दोन वाटांनी पाठवायचं आणि पुन्हा एकत्र आणायचं. दोन्ही वाटांची भेट कशी होते, लाटेवर लाट चढते की लाटेत लाट बुडते, त्यावरून पृथ्वी किती जोरानं खेचते ते अब्जात एका भागापर्यंत कळतं.

"एकच अणू दोन वाटांनी?" मी म्हणाले. "मग तो खरा जातो कुठल्या वाटेनं?"

"असं मधेच विचारलंस की प्रयोग बिघडतो."

"आमच्या शाळेतल्या पोरांनी असं उत्तर दिलं तर मी छडी मारते."

"मार. पण आमचे अणू अजून नीट पडायलाच तयार न्हाईत. पकडले जातात, सोडले की पांगतात. तोवर ह्या स्प्रिंगवाल्याला घेऊन फिरायचं. ह्याला दहा कोटींत एक भाग कळतो, मूड असला तर."

हे ऐकताना माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी विचारलं, "मिलिंद, जमिनीखाली पोकळी असली तर ह्याला कळेल का?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पोकळी म्हंजी तितकी माती कमी. माती कमी तर खेच कमी. पेवाएवढी असली तर... काठावर हाय, नूरीन. आमचं अणूंचं यंत्र असतं तर एका दमात सांगितलं असतं. हे सांगंल का न्हाई, देव जाणं."

मी त्याला सगळं सांगितलं. खुर्ची, पोरं, अमीरनं खणलेला खड्डा, सोमवारची जीप. तो उठला आणि आवार मोजू का, असं अमीरला विचारायला गेला.

अमीरनं आढेवेढे घेतले नाहीत. "मोज गड्या. उद्या दिवसभर मोज. पण काय न्हाई निघालं तर परत माझ्या नावानं खडे फोडायचे न्हाईत." शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं.

रविवारी यार्ड बंद होतं, हळदीचे ट्रक नव्हते, जमीन शांत होती. मिलिंदनं सकाळीच घराच्या दगडी पायरीवर यंत्र मांडलं. तीन स्क्रू फिरवून समतल केलं, वाकून भिंगाला डोळा लावला आणि चकती हळूहळू फिरवून आकडा घेतला. ही पायरी म्हणजे त्याचं मूळ ठिकाण. स्प्रिंग दिवसभरात आपोआप ढिली होते, वर चंद्रही खेचत असतो, म्हणून दर थोड्या वेळानं परत पायरीवर येऊन बघायचं, असं त्यानं सांगितलं.

"चांद अजून उगवला न्हाई, आन तुझ्या यंत्राला दिसतोय?" अम्मी म्हणाली.

"दिसत न्हाई चाची, जाणवतोय."

पहिली मोजणी अब्बांच्या खुर्चीच्या जागी. मी अब्बांना धरून उठवलं. मला वाटलं होतं ते काठी उगारतील, पण ते मुकाट्यानं बाजूला झाले. मिलिंदनं मोजलं, पायरीवर जाऊन आला, पुन्हा मोजलं. मग मान हलवली. "इथं काय न्हाई. जमीन भरीव हाय."

अमीर दारात उभा होता. तो आत गेला आणि अब्बांच्या कपड्यांची पिशवी भरायला लागला. त्या पिशवीची चेन ओढल्याचा आवाज मला अजून आठवतो. मी मिलिंदवर उगाचच चिडले, म्हणाले, "झालं तुझं? गुंडाळ आता."

"एका आकड्यात काय कळतंय?" तो शांतपणे म्हणाला. "सगळं आवार मोजू. कमी-जास्त शेजाऱ्याकडं बघूनच कळतं."

त्यानं दोरी धरून आवारात ठिपके आखले आणि एकेका ठिपक्यावर यंत्र मांडत निघाला. मी वहीत आकडे उतरवत होते, पुन्हा लंबकाच्या प्रयोगासारखं. ऊन चढलं. अब्बा खुर्चीवर शांत बसून बघत होते. मिलिंद कुंपणाकडून मोजत मोजत खुर्चीच्या समोर आला, अमीरच्या फक्कीच्या रेघा ओलांडून आत शिरला, आणि अब्बा पेटले.

तसं ओरडणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काठी जमिनीवर आपटत होते, उठायला बघत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं त्यांना यंत्राची भीती वाटली. मी त्यांचे खांदे दाबून धरले. "अब्बा, मिलिंद हाय, आपला मिलिंद." ते माझ्या हातातून सुटायला बघत होते. एका हाताचा माणूस, पण मला आवरेना. तिकडे मिलिंद गुडघे टेकून भिंगाला डोळा लावून बसलेला.

"नूरीन, लिही," तो म्हणाला, आणि आकडा सांगितला. मग उठून पायरीवर गेला, परत आला, पुन्हा तिथंच टेकला. अब्बा पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा तसंच. "इथं कमी भरतंय," मिलिंद कपाळ पुसत म्हणाला. "लय थोडं, पण दरवेळी तितकंच. यंत्राची चूक म्हणावी तर एवढी सारखी कशी यील? इथं खाली काहीतरी न्हाई."

"काहीतरी न्हाई म्हंजी?" दारातून अमीरनं विचारलं.

"म्हंजी माती पायजे तिथं माती न्हाई."

अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिच्या हाताला पीठ होतं. ती एकदा मिलिंदकडे, एकदा खुर्चीकडे बघत होती. मग अचानक तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला.

"अगं बाई. भरल्या पेवावर बसत्यात. रिकाम्या पेवाच्या बाजूला बसत्यात." ती ओरडली, "मिलिंदा, सरक तितनं! मागं हो, हळू!"

मिलिंद यंत्र उचलून पाय न आपटता मागे आला. मला समजायला जरा वेळ लागला. रिकाम्या पेवावर बाज कोण टाकेल? त्याच्या काठाला माणूस बसवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाकलायला. अब्बा कशावर बसले आहेत हेच आम्ही शोधत राहिलो. ते कुठे बघत बसतात ते कुणीच बघितलं नाही. पोरं खेळायची ती जागा, मजूर कुदळ घालणार होते ती जागा, अमीर जिथे उभा राहून त्यांना बोल लावायचा ती जागा.

अमीरचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तो म्हणाला, "बघू तरी." त्यानं दोन लांब फळ्या आडव्या टाकल्या, त्यांवर पालथा झोपून पुढे सरकला आणि हात लांबवून पहार मारली. पहिल्या घावाला माती उडाली. दुसऱ्या घावाला पहार त्याच्या हातातून सुटली आणि गेलीच. आम्ही सगळे कान देऊन उभे. खूप खालून आवाज आला.

मग माती सुपाएवढी ढासळली. खाली वाळवीनं खाल्लेल्या फळ्यांचे तुकडे लोंबत होते. मिलिंदनं दोरीला कंदील बांधून सोडला. थोडा आत गेला आणि विझला. तसल्या कोंडलेल्या, विषारी हवेत पडलेल्या माणसाला वर काढायला उतरणाराही वर येत नाही, हे हरिपुरात वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे यार्डातल्या लालासाहेब हमालाकडून कळलं, की ते पेव माझ्या दादाजींच्या वेळचं. नदीचं पाणी आत पाझरायला लागलं म्हणून रिकामं केलं, फळ्या टाकल्या, वर माती लोटली. भरून घ्यायचं राहून गेलं. दादाजी गेले आणि नेमकी जागा एकट्या अब्बांना ठाऊक राहिली. ते सांगणारच होते कधीतरी. इतक्या बोलक्या माणसाला आपली जीभ जाईल असं थोडंच वाटलं असेल?

त्या वेळी मात्र हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मिलिंद आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत जमिनीवर बसला होता. ज्या मातीवर तो तीनदा गुडघे टेकून आला होता ती आता तिथं नव्हती. अमीर फळ्यांवरून मागे सरकला, उठला आणि अब्बांकडे गेला.

अब्बांनी डावा हात पुढे केला आणि अमीरचं मनगट धरलं.

त्यांनी ते सोडलंच नाही. अमीर आधी वाकून उभा राहिला, मग खुर्चीशेजारी मातीत बसला. अम्मीनं दोघांना पाणी दिलं. मिलिंदनं यंत्र डब्यात ठेवलं, आत जाऊन अब्बांच्या कपड्यांची पिशवी उघडली आणि एकेक सदरा खुंटीला परत लावला. जेवायची वेळ झाली तरी अब्बा हात सोडेनात, तेव्हा अम्मीनं ताट तिथंच आणलं आणि लग्नाला आलेल्या पोराला लहान असल्यासारखे घास भरवले. तो रडत रडत जेवला. अब्बा त्याच्याकडे बघतही नव्हते. त्यांची नजर त्या भोकावर होती, आणि बोटं इतकी घट्ट होती की संध्याकाळी अमीरच्या मनगटावर त्यांचे वळ उठलेले मी पाहिले.